वितळलेल्या प्लास्टिकचं खरं तापमान: रबाळे, महापे, वागळे इस्टेटमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एक्स्ट्रूजन (वितळलेलं प्लास्टिक सलग दाबून फिल्म-पाइप काढणं) आणि मोल्डिंग (ते साच्यात भरणं) युनिटमध्ये माझी अर्धी नोकरी गेली. आता कोणाची मशीन लावून दे, कोणाचा खराब माल का येतोय ते शोध, असं फिरणं असतं. ऑपरेटर, शिफ्ट सुपरवायझर आणि मालक मला फिरून फिरून जे विचारतात त्यातले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या जागी चूक झाली की माल, पैसा आणि कधीकधी हातही भाजतो.

पॅनेलवर सगळे झोन २०० दाखवतात. म्हणजे आतला माल २०० अंशांवरच आहे ना?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात महाग पडणारा प्रश्न हाच आहे.

बॅरल म्हणजे स्क्रू ज्यात फिरतो तो जाड पोकळ दंडगोल; त्याच्या एकेका तापवलेल्या भागाला झोन म्हणतात. झोनचा थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमान-सेन्सर) बॅरलच्या पोलादात केलेल्या भोकात बसलेला असतो. तो लोखंडाचं तापमान सांगतो. माल त्या लोखंडाच्या आतून, स्क्रूच्या खोबणीतून वाहतो. प्लास्टिक उष्णतेचं अतिशय वाईट वाहक आहे. वितळलेल्या पॉलिथिनची उष्णतावाहकता पोलादाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असते. त्यामुळे लोखंड आणि मालाच्या गाभ्यात वीस-तीस अंशांचा फरक राहणं अजिबात नवलाचं नाही. स्क्रू जोरात फिरवला तर माल लोखंडापेक्षा गरम असतो. स्क्रू हळू असेल आणि दाणा नीट वितळला नसेल तर तो थंड असतो.

रबाळ्याच्या एका फिल्म प्लांटमध्ये सगळे झोन १८० वर स्थिर होते आणि फिल्म मात्र जेलनी (बारीक गाठींनी) भरलेली होती. डाय म्हणजे माल आकार घेऊन बाहेर पडतो ते तोंड; त्याच्या आधीच्या जोडनळीत, म्हणजे अडॅप्टरमध्ये, आतपर्यंत जाणारा प्रोब घातला, तर २१५ च्या वर आकडा आला. पॅनेल बिघडलेलं नव्हतं, पण त्याला लोखंडाबद्दल विचारलेलं होतं आणि आम्ही उत्तर मालाचं समजत होतो.

मग ही जास्तीची उष्णता येते कुठून? हीटर तर बंदच दिसतात.

मोटरमधून येते. घट्ट, चिकट माल स्क्रू आणि बॅरलच्या फटीतून ओढला जातो तेव्हा त्याचे थर एकमेकांवर घासतात आणि यांत्रिक शक्ती जागच्या जागी उष्णता बनते. हा अंतर्गत घर्षणाचा ताप आहे. मोठ्या एक्स्ट्रूडरमध्ये, जास्त आरपीएमवर, वितळण्याचं बहुतेक काम मोटरच करते. हीटर सुरुवातीला लोखंड तापवतात आणि पुढे फक्त तोल सांभाळतात.

हिशोब करून बघा. एलडीपीई (एक प्रकारचं पॉलिथिन) ३० अंशांवरून २०० पर्यंत नेऊन वितळवायला किलोमागे साधारण ०.१५ युनिट वीज लागते. ताशी १०० किलो माल काढत असाल तर १५ किलोवॅट पुरतात. मोटर शाफ्टवर १८ किलोवॅट देत असेल तर वरचे ३ किलोवॅट एक तर कूलिंग ब्लोअरने बाहेर फेकायला हवेत, नाहीतर ते मालात राहतील. मालात राहिले तर तापमान चाळीसेक अंशांनी चढेल. म्हणून हीटर बंद, ब्लोअर सतत चालू आणि पॅनेल शांत, असं दिसलं की मी आधी मालाचं तापमान मोजायला सांगतो.

डायमध्येही हेच थोडं घडतं. दाब जिथे जिथे खर्ची पडतो तिथे तो उष्णता होतो. पॉलिओलेफिनमध्ये (पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन म्हणजे पीपी) दर १०० बारमागे सुमारे ५ अंशांची वाढ धरा. ३०० बारच्या अरुंद डायमधून निघालेला माल आत शिरला त्यापेक्षा पंधराएक अंशांनी गरम निघू शकतो.

मालाचं तापमान एकच नसतं, असं तुम्ही म्हणता. म्हणजे काय?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात सारखाच शिजलेला असतो. वितळलेल्या मालाचं तसं नाही. नळीच्या भिंतीलगतचा थर, मधला गाभा आणि यांच्या दरम्यान जिथे घासणं सगळ्यात जास्त आहे तो पट्टा, तिन्हींचं तापमान वेगळं असतं.

वाहता वाहता ते आपोआप सारखं होईल, असं वाटतं. होत नाही. २० मिलिमीटर व्यासाच्या नळीत नुसत्या उष्णतावहनाने गाभा आणि भिंत यांचा ताप सारखा व्हायला मिनिटंच्या मिनिटं जातात, आणि माल त्या नळीतून काही सेकंदांत निघून जातो. मग सारखेपणा आणायचा तर ढवळावं लागतं. स्क्रूचं मिक्सिंग सेक्शन किंवा स्टॅटिक मिक्सर यासाठीच असतात.

वर हे तापमान वेळेनुसारही हलतं. स्क्रूच्या प्रत्येक फेरीबरोबर गरम-थंड लाट येते. ६० आरपीएमवर ती दर सेकंदाला एक असते. फिल्मच्या जाडीत ठरावीक अंतराने येणारा फरक बऱ्याचदा या लाटेतूनच येतो. साधा थर्मोकपल ती लाट पकडूच शकत नाही. त्याचा आकडा गुळगुळीत दिसतो, कारण तो आळशी आहे. माल स्थिर असल्याचा तो पुरावा नव्हे.

अडॅप्टरमध्ये मेल्ट थर्मोकपल बसवलेला आहे. त्याचा आकडा तरी खरा मानायचा का?

तो किती आत शिरलाय ते आधी बघा.

टोक भिंतीच्या समपातळीवर असेल तर तो बहुतेक भिंतीचंच तापमान सांगतो. मालाचा एक पातळ थर त्याला स्पर्श करतो, पण त्याच्या अंगाभोवती सगळीकडे गरम लोखंड असतं आणि लोखंडाचं म्हणणं जास्त ऐकू येतं. एक सोपी कसोटी आहे: अडॅप्टरच्या हीटरचा सेटपॉइंट दहा अंशांनी वर करा आणि बाकी काहीही बदलू नका. आकडा जवळजवळ तेवढाच वर गेला तर तुमचा ‘मेल्ट’ थर्मोकपल मेल्ट मोजत नाही. आता सेटपॉइंट परत जागेवर आणा आणि फक्त आरपीएम बदला. आकडा हलला तर काही आशा आहे.

टोक प्रवाहात आत शिरलेलं असेल तर ते बरंच खरं बोलतं, पण त्याच्याही तीन अडचणी आहेत. दांड्यातून उष्णता भिंतीकडे पळते, म्हणून आकडा भिंतीकडे झुकतो. टोकावर माल घासून थोडा जास्त तापतो. आणि माल पूर्ण वितळण्याआधी मशीन चालू केली की तो वाकतो किंवा तुटतो. तुटलेला तुकडा डायमध्ये जाऊन बसला तर त्या दिवसाची शिफ्ट संपली समजा. आत जाणारा प्रोब लावला असेल तर हीट-सोकची, म्हणजे सगळं आतपर्यंत तापायची, वेळ पूर्ण होऊ द्या, मगच स्क्रू फिरवा.

मला स्वतःला खोली कमी-जास्त करता येणारा प्रोब आवडतो. चालू मशीनवर तो मिलिमीटर-मिलिमीटरने आत ढकलत प्रत्येक खोलीवर थांबायचं आणि आकडा लिहायचा. त्या पाच-सहा आकड्यांची रेघ कागदावर काढली की आपल्या स्क्रूबद्दल इतकं कळतं की नंतर स्क्रू-डिझाइनवाल्याशी बोलणं सोपं जातं.

के टाइप आणि जे टाइप. खरंच इतका फरक पडतो का?

पडतो, आणि घाबरण्याइतका. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्याला ताप दिला की बारीक व्होल्टेज तयार होतं, हे सीबेकने १८२१ मध्ये दाखवलं. पण किती व्होल्टेज, ते धातूंच्या जोडीवर ठरतं. के आणि जे ही अशा दोन जोड्यांची नावं. २०० अंशांना जे टाइप १०.७८ मिलिव्होल्ट देतो आणि के टाइप ८.१४.

समजा कंट्रोलर जे वर सेट आहे आणि दुकानातून घाईत आणलेला थर्मोकपल के आहे. बॅरल २०० वर पोचलं तरी पॅनेल १५२ च्या आसपास दाखवेल आणि हीटर भरत राहील. पीव्हीसी असेल तर माल जळून हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघेपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही. उलट, कंट्रोलर के वर आणि थर्मोकपल जे असेल तर २०० अंशांना पॅनेल २६५ दाखवेल. तेव्हा माल कच्चा राहील आणि मोटर दमेल. त्यातल्या त्यात हे बरं, कारण अँपिअर चढल्यावर कोणीतरी थांबतं.

ओळखायचं कसं? चुंबक घ्या. जे टाइपची एक तार लोखंडाची असते, ती चुंबकाला चटकन चिकटते. के टाइपमध्ये एक तार जेमतेम ओढली जाते.

वायरचे रंग बघून जोडलं तरी चुकतं. का?

कारण रंगांच्या पद्धती एकाहून अधिक आहेत आणि आपल्याकडे जुन्या जर्मन, अमेरिकी, चिनी अशा सगळ्या मशीन एकाच शेडमध्ये उभ्या असतात. अमेरिकी पद्धतीत लाल तार नेहमी ऋण. जुन्या जर्मन पद्धतीत लाल धन. जे टाइपची पांढरी तार अमेरिकी पद्धतीत धन, तर आंतरराष्ट्रीय आयईसी पद्धतीत ऋण. त्यामुळे रंगांवर विश्वास ठेवू नका. टोक गरम पाण्यात बुडवा आणि मल्टिमीटरवर चिन्ह बघा.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपलपासून पॅनेलपर्यंत जाणारी, त्याच्या धातूंशी जुळणारी केबल) दोन्ही टोकांना उलटी जोडणं. एका टोकाला उलटी असेल तर आकडा उलटा पळतो आणि लगेच कळतं. दोन्हीकडे उलटी असेल तर सगळं ठीक दिसतं, फक्त थर्मोकपलचं डोकं (जिथे केबल जोडतात ते) आणि पॅनेल यांच्या तापमानातल्या फरकाच्या दुप्पट चूक शिरते. डोकं ६० आणि पॅनेल ३५ असेल तर आकडा ५० अंश कमी दिसेल. साध्या तांब्याच्या वायरने जोड दिला तरी अशीच, पण निम्मी चूक होते. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, दार उघडं ठेवून त्यावर टेबल फॅन मारलेल्या पॅनेलवर या चुका दुपारी वेगळ्या आणि रात्री वेगळ्या निघतात. लोक मग ‘रात्रपाळीचा माल वेगळा का येतो’ म्हणून ऑपरेटरवर चिडतात. त्या ऑपरेटरची त्यात काहीही चूक नसते, आणि हे मी मालकांना प्रत्येक वेळी सांगतो.

पीटी-१०० जास्त अचूक असतो म्हणतात. तोच का लावत नाही?

अचूक असतो. तो प्लॅटिनमच्या विद्युतरोधावरून तापमान सांगतो: शून्य अंशांना १०० ओहम, १०० अंशांना १३८.५ ओहम, इतकं नेमकं मोजता येतं. पण बॅरलच्या धक्क्यांत आणि हादऱ्यांत तो थर्मोकपलइतका टिकत नाही, आणि प्रतिसादही सहसा मंद असतो. पाण्याच्या लाइनला, मोल्डच्या चिलरला किंवा ड्रायरला मात्र जरूर लावा.

इन्फ्रारेड मेल्ट सेन्सर घ्यावा का? खर्च बराच सांगतात.

डायच्या आधी स्क्रूचा परिणाम सेकंदाच्या हिशोबात बघायचा असेल तर घ्या. या सेन्सरच्या टोकाला नीलमणी काचेची, म्हणजे सफायरची, छोटी खिडकी असते. तिच्यातून मालाचं उष्णतेचं प्रारण ऑप्टिकल फायबरने बाहेर येतं. तो काही मिलिसेकंदांत उत्तर देतो, म्हणून वर सांगितलेली फेरीगणिक लाट त्याला दिसते. मेल्ट प्रेशर ट्रान्सड्यूसरच्याच आट्यांच्या भोकात बसणारे मॉडेल मिळतात, म्हणून वेगळं भोक पाडावं लागत नाही.

पण ‘किती खोलवरचं तापमान?’ हा प्रश्न विक्रेत्याला विचाराच. पारदर्शक, फिलर (भराव) नसलेल्या मालात सेन्सर काही मिलिमीटर आत पाहतो आणि त्या थरांची सरासरी सांगतो. नळी उथळ असेल तर समोरच्या भिंतीचं प्रारणही त्यात मिसळू शकतं. काळा मास्टरबॅच (रंगाचा घट्ट दाणा) घातला की उलट होतं: कार्बन ब्लॅक सगळं अडवतो आणि सेन्सरला फक्त खिडकीला चिकटलेला थर दिसतो. म्हणजे सकाळी नैसर्गिक आणि दुपारी काळा माल चालवला तर आकडा बदलेल, पण तो मालाच्या तापमानामुळे बदलला की रंगामुळे, हे आकड्यावरून कळणार नाही. ग्रेडनुसार सेटिंग वेगळं ठेवा.

हातातली इन्फ्रारेड गन मारली तर चालतं का?

डायच्या ओठांवर नाही. चकचकीत धातू प्रारण कमी सोडतो आणि आजूबाजूचं परावर्तित करतो, त्यामुळे आकडा कमी येतो. फिल्मच्या फुग्यावरही नाही, कारण पातळ फिल्ममधून साधी गन आरपार बघते आणि पलीकडचं मोजते. पॉलिथिन आणि पीपीच्या फिल्मसाठी ३.४३ मायक्रॉनवर बघणारे खास सेन्सर असतात, पेटसाठी (पीईटी प्लास्टिक) ७.९ मायक्रॉनचे. जाड पर्जच्या (मशीनमधून बाहेर काढून टाकलेल्या मालाच्या) गोळ्यावर ०.९५ उत्सर्जकता ठेवून साधी गन चालते, पण ती वरच्या सालीचं तापमान सांगते आणि ती साल क्षणोक्षणी थंड होत असते.

मोल्डिंग मशीनवर मेल्ट प्रोब नाही. पर्जमध्ये सुई घालून मोजलं तर?

चांगली पद्धत आहे, फक्त शिस्त लागते.

मशीन आधी नेहमीच्या सायकलवर दहा-पंधरा शॉट चालू द्या. उभ्या मशीनचा पर्ज वेगळा असतो, कारण बॅरलमध्ये माल नुसता भाजत राहिलेला असतो. मग नोझल मागे घ्या आणि एअर शॉट (साच्याऐवजी मोकळ्या हवेत सोडलेला माल) धातूवर न टाकता जाड लाकडी किंवा उष्णतारोधक फळीवर घ्या. सुई आधीच अपेक्षित तापमानाच्या थोडी वर तापवलेली हवी. थंड सुई घातली तर ती मालाचीच उष्णता खाते आणि तुम्हाला दहा-पंधरा अंश कमी दाखवते. सुई गोळ्यात खोचून हलकेच ढवळा, काही सेकंदांत सगळ्यात वर गेलेला आकडा लिहा आणि हे तीनदा करा. तिन्ही आकडे एकमेकांपासून पाच अंशांपेक्षा जास्त लांब असतील तर चूक तुमच्या हाताची आहे की मशीनची, ते आधी ठरवा.

चेहऱ्यावर शील्ड, हातात लांब बाह्यांचे उष्णतारोधक ग्लोव्ह्ज, आणि नोझलच्या समोर कोणीही उभं नको. आत अडकलेला गॅस सुटला की माल बंदुकीसारखा उडतो. डायमध्ये दाब असताना मेल्ट प्रोब किंवा ट्रान्सड्यूसर सैल करायला कधीच जाऊ नका. एका तरुण फिटरच्या मनगटावर चिकटलेलं पॉलिथिन मी पाहिलंय. ते पुसून निघत नाही आणि ओढलं तर कातडी घेऊन येतं. अशा वेळी ओढायचं नाही, भरपूर साधं पाणी सोडत राहायचं आणि तसंच डॉक्टरकडे न्यायचं.

कोणत्या मालाला किती तापमान ठेवायचं?

ग्रेडची डेटाशीट प्रमाण. सवय व्हावी म्हणून ढोबळ आकडे: एचडीपीई १८० ते २२०, पीपी २०० ते २५०, कडक पीव्हीसी १७० ते २०५, पेट २६५ ते २९०, पॉलिकार्बोनेट २८० ते ३२०. अॅसिटल (पीओएम) १९० ते २१५ मध्ये ठेवा. त्याच्या फार वर नेलं तर फॉर्मल्डिहाइड सुटतो, डोळे झोंबतात.

इथे एक सूचना जीव तोडून सांगतो: पीव्हीसी आणि अॅसिटल एकाच बॅरलमध्ये कधीही एकापाठोपाठ चालवू नका, मध्ये पॉलिथिनने पूर्ण साफ केल्याशिवाय तर मुळीच नाही. पीव्हीसीतून सुटणारं आम्ल अॅसिटलला झपाट्याने फोडतं आणि बंद बॅरलमध्ये गॅसचा दाब स्फोटासारखा वाढतो. जॉबवर्कच्या छोट्या शेडमध्ये रोज माल बदलतो, म्हणून हे भिंतीवर लिहून ठेवा.

पावसाळ्यात आकडे बिघडतात, हा भास आहे का?

भास नाही. खाडीच्या दमट हवेत जे टाइपची लोखंडी तार गंजते आणि टर्मिनलवर हिरवट थर चढतो. जोड सैल झाला की आकडा नाचतो. त्यात नायलॉन किंवा पेटचा दाणा नीट सुकवलेला नसेल तर पाण्यामुळे प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि माल पातळ होतो. तो पातळ माल पाहून सुपरवायझर म्हणतो ‘तापमान जास्त झालं’ आणि सेटपॉइंट खाली आणतो. आता माल ओलाही आणि कच्चाही. जून उजाडायच्या आत टर्मिनल साफ करा, ड्रायरचा पीटी-१०० तपासा आणि दाण्याच्या गोण्या जमिनीवरून उचलून पॅलेटवर ठेवा.

प्रयोगशाळेत याहून चांगल्या पद्धती आहेत का?

आहेत. इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात संशोधकांनी थर्मोकपलच्या बारीक तारांची जाळीच नळीच्या तोंडावर ताणली आणि एकाच वेळी आडव्या छेदातल्या अनेक बिंदूंचं तापमान घेतलं. गाभा आणि कड यांतला फरक आरपीएमबरोबर कसा वाढतो, हे अशा जाळीवर लख्ख दिसतं. अमेरिकेतल्या निस्ट संस्थेत मालात अत्यल्प फ्लुरोसंट रंग मिसळून, त्याच्या प्रकाशावरून तापमान वाचण्याचं काम झालं. ध्वनिलहरी वापरण्याचीही पद्धत आहे: माल तापला की त्यातला आवाजाचा वेग घटतो. पण दाबानेही तो वेग बदलतो, म्हणून दाब सोबत मोजावाच लागतो.

जाळी रोजच्या उत्पादनात टिकत नाही आणि प्रवाहात अडथळाही आणते. पण तुम्ही नवा स्क्रू बनवून घेत असाल तर बनवणाऱ्याला विचारा की त्याने असं काही मोजलंय का.

कॅलिब्रेशन किती दिवसांनी?

वर्षातून एकदा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून, आणि मध्ये दर महिन्याला स्वतः. थर्मासमध्ये कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी घालून ढवळा, टोक त्यात बुडवा, शून्याच्या एका-दोन अंशांत आकडा आला पाहिजे. मग उकळतं पाणी: ठाणे-नवी मुंबई समुद्रसपाटीजवळ असल्याने १०० च्या अगदी जवळ. हे दोन बिंदू २०० अंशांची हमी देत नाहीत, पण चुकीचा टाइप, उलटी वायर आणि मेलेला थर्मोकपल इथेच पकडला जातो. प्रोब एकट्याचा नको, कंट्रोलर आणि केबलसकट तपासा.

एकच सेन्सर घ्यायचे पैसे आहेत. कुठे लावू?

स्क्रूच्या टोकानंतर, ब्रेकर प्लेटच्या (गाळण्याची जाळी धरणाऱ्या भोकांच्या जाड चकतीच्या) पुढे, डायच्या आधी. आत शिरणारा, भक्कम, जे किंवा के, तुमच्या कंट्रोलरला जुळेल तो. टोक प्रवाहाच्या मध्यापर्यंत नसलं तरी निदान भिंत आणि मध्य यांच्या अर्ध्यात जाऊ द्या. ब्रेकर प्लेटच्या आधी मेल्ट प्रेशरचा गेज असेल तर त्याचाही आकडा त्याच ओळीत लिहा. तापमान तेच आणि दाब वाढतोय, तर गाळण्याची जाळी तुंबतेय. दाब घटतोय आणि तापमान चढतंय, तर माल पातळ होतोय. दोन्ही एकत्र हेलकावे खातायत, तर हॉपरपाशी जा, दाणा नीट उतरत नसणार. दर तासाला आरपीएम, अँपिअर, दाब आणि मेल्टचा आकडा, चार रकाने, एक वही. तुर्भ्याच्या एका पाइपच्या युनिटमध्ये अशी वही चारच आठवडे ठेवली, तेव्हा कळलं की दर मंगळवारी येणारा अंडाकृती पाइप नव्या रिग्राइंडच्या (दळून परत वापरलेल्या मालाच्या) लॉटबरोबर येत होता.